शिक्षणमंत्री साहेब, 'परदेशी डिग्री'च्या नावावर आमच्या पोरींना फुकटचा कोर्स विकलाय

मा. उच्च शिक्षणमंत्री साहेबांना सादर नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला केळीचा शेतकरी. पोरगी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी सेमिस्टरचं मार्कशीट आलं, एका विषयापुढे क्रेडिट, म्हणजे डिग्रीत मोजले जाणारे गुण, शून्य. रात्रभर रडली पोर, म्हणून हे लिहितोय.

अ‍ॅडमिशनला कॉलेजवाले म्हणाले, परदेशी विद्यापीठाशी करार आहे, तिथले प्राध्यापक येऊन शिकवतील. वर्षाला 1 लाख 60 हजार फी, रात्रीच्या लाइटीवर पाणी भरून पिकवलेल्या बागेचे पैसे आहेत ते. प्राध्यापक एकही आला नाही. त्यांच्या जागी त्याच विषयाला एक ओपन ऑनलाइन कोर्स लावून दिला, जो कोणीही मोबाईलवर फुकट बघू शकतो, आणि सर्टिफिकेटचे पैसे वरून आम्हीच भरले.

कोर्स वाईट नव्हता हो. वस्तू वापरणाऱ्याला आधी जाऊन भेटा, नमुना बनवा, चुकला तर मोडा, परत बनवा, हे पोरगी मनापासून शिकली. तिनं घड वाहणाऱ्या मजुरांसाठी खांद्यावरची गादी बनवली, आमच्याच बागेत. 20-25 किलोचा घड असतो साहेब, माणसाचा खांदा सोलवटतो, आणि केळाला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो. चार वेळा उसवून शिवली तिनं ती गादी. पण तपासली कोणी? त्या कोर्समध्ये विद्यार्थीच एकमेकांचं काम तपासतात, कुठल्या तरी देशातल्या पोरानं लिहिलं की केळी हातात का नेत नाहीत. त्यानं घड झाडावर कधी पाहिलाच नसेल, त्याचा काय दोष? शेजारी उभं राहून शिवण कुठं चुकली ते दाखवणारा मास्तर पाहिजे होता, फी त्याचीच घेतली होती ना?

नियम मी शोधून वाचलेत. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2021 ला सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत विषय ऑनलाइन घ्यायला परवानगी दिली ती सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन साइटवरच्या कोर्ससाठी, दिसेल त्या साइटसाठी नाही. परदेशी विद्यापीठांसोबत मिळून चालवायच्या डिग्रीचे (ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल) 2022 चे नियम तर ऑनलाइन प्रोग्रामला लागूच नाहीत. मग हा करार बसतो तरी कशात? कॉलेज म्हणतं वर विचारा, वरचे म्हणतात कॉलेजला विचारा, आणि मी केळीची कापणी सोडून एसटीनं चकरा मारतोय. बियाणं बोगस निघालं तरी असंच, पीकविम्याचं असंच, आता शिक्षणाचं पण तेच, कागद दाखवायची वेळ आली की सगळे हात वर करतात. जळगावच्या केळीला 2016 ला जीआय, म्हणजे भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळाला साहेब, घड मात्र अजून माणसाच्या खांद्यावरच आहे, आणि त्याच्यावर काम करणाऱ्या पोरीला शून्य.

तो करार कॉलेजनं सगळ्या पालकांसमोर ठेवावा. त्या पोरींचं काम डिझाइनच्या माणसानं समोर बसून तपासावं आणि क्रेडिट द्यावं. न शिकवल्याची फी परत द्यावी. पुढच्या सेमिस्टरचे पैसे 30 तारखेला भरायचेत, त्याच्या आत उत्तर पाहिजे.

रावेर तालुक्यातला एक बाप