मुंबईहून येणाऱ्या मित्रास

नागपूर, ८ डिसेंबर

प्रिय बंड्या,

"थंडीसाठी काय काय आणू?" हे तुझं वाचून हसूच आलं. पंचवीस वर्षं मुंबईत काढून पोट्टा नागपूरची थंडी विसरला बे! २०१८ च्या डिसेंबरात इथं पारा ३.५ वर उतरला होता, तेव्हा तू फोनवर मला वेड्यात काढलं होतंस. स्वेटर आण, मफलर आण. थंडी त्यानं भागते. उलते ते अंग. शाळेत बाकावर बसून नखानं पोटरीवर पांढरी नावं लिहायचो, आठवते ना? तीच पोटरी आता पन्नाशीची झाली.

गेल्या वर्षीचं माझं ऐक. डिसेंबर लागला आणि दोन्ही नडग्यांना खाज सुटली. रात्री गोधडीत शिरलो की विचारू नको. मला वाटलं गजकर्ण. एका औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली, चिठ्ठी नाही, काही नाही. लावली की बरं वाटे, थांबवली की दुप्पट आग. महिनाभरानं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं, गजकर्णाचा पत्ताच नव्हता. त्यांनी विचारलं, "आंघोळीचं पाणी कसं घेता?" मी ऐटीत म्हणालो, वाफा निघाल्या पाहिजेत! "मग खाजणारच," म्हणाल्या.

थंड हवेत वाफ मुळातच कमी मावते, त्यात आपलं गाव समुद्रापासून कोसो दूर. ही कोरडी हवा अंगातला ओलावा ओढून घेते. तो अडवायला कातडीत थोडी स्निग्धता असते, तीच आपण कढत पाणी आणि साबण लावून धुऊन काढतो. नडगीवर तेलाच्या ग्रंथी आधीच कमी, म्हणून पहिली बोंब तिथून.

आता मी कोमट पाण्यानं पाच-सात मिनिटांत आटोपतो. साबण काखा, जांघा, पाय, बस. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवर, तीनेक मिनिटांच्या आत, चोपडून मोकळं व्हायचं. पूर्वी मी दुपारी आठवण झाली की व्हॅसलिन लावायचो. व्हॅसलिन पाणी देत नाही बापा, असलेलं कोंडून ठेवते. कोरड्या अंगावर लावून कोंडणार काय? महागड्या डब्या आणू नको, ग्लिसरीनवालं साधं लोशन पुरते. खोबरेलही चालते, पण ते २४ अंशांच्या खाली गोठते. आमच्याकडे बाटली गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवतात, आणि तेल सुटेपर्यंत माझी तीन मिनिटं केव्हाच उलटलेली असतात.

ओठ जिभेनं ओले करत बसू नको, आणखी उलतात. तसल्या ओठांनी संत्रं खाल्लं की डोळ्यांत पाणी येते. पण म्हणून संत्री सोडशील तर तू नागपूरचा नाही. साली वाळवून चेहऱ्याला लावायचा सल्ला आमच्या ताईचा. मी एकदाच लावून पाहिलं, दिवसभर गाल झोंबत होते. आणि लोकरीचं काही थेट अंगावर घालू नको, आत सुती बनियन असू दे.

आता तुझ्या अण्णांचं. तू येशील त्याच दिवशी त्यांचे पाय उजेडात बघ, बोटांच्या बेचक्यांसकट. साखर आहे त्यांना, त्यानं पायांची जाणीव कमी होते, म्हणून टाचेची भेग दुखत नाही यावरून ती बरी आहे असं समजू नको. मागच्या खेपेला गेलो तर ब्लेडनं टाच खरवडत बसले होते. माझं ऐकत नाहीत, तू ब्लेडच लपव. रात्री हीटरजवळ पाय धरतात तेही बंद कर, चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. टाचेला युरिया असलेली क्रीम मिळते, पण भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर तिच्या नादी न लागता सरळ डॉक्टरांकडे ने.

गाडी कितीला पोचते ते कळव, घ्यायला येतो. स्टेशनवरूनच तर्री पोहे खायला जाऊ.

तुझाच,
दिल्या

ता.क. अण्णांच्या गिझरचा आकडा सत्तरवर असतो. तोही कमी कर, त्यांना न सांगता.