बुरशी तीच, देह बदलला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांत आढळणाऱ्या 'कॅन्डिडा ऑरिस' या बुरशीवरची आपल्या अंकातली बातमी वाचली. माहिती बरोबर होती, मथळा मात्र 'नवा राक्षस आला' छापाचा. मी तासगावकडचा द्राक्ष बागायतदार, डॉक्टर नव्हे. पण बुरशीशी रोजचा संबंध असल्याने लिहावंसं वाटलं.

द्राक्षवेलीवर भुरी हा बुरशीचा रोग कधी पडतो हे आमच्याकडे शाळकरी पोरगंही सांगेल. नत्र जास्त झालं, कोवळी फूट दाटली, वर ढगाळ हवा आली की आतल्या बाजूच्या पानाला बोट लावून बघावं. पिठासारखी पूड बोटाला लागते. भुरीचं बीज बागेत बारा महिने असतंच. वेल आणि हवा दोन्ही तिच्या सोयीची झाली की रोग दिसतो. कृषी महाविद्यालयात याला रोगत्रिकोण म्हणतात. माणसाच्या आजारात मात्र सगळं खापर जंतूवर फोडायची जुनी सवय आहे.

ती सवय मोडू पाहणारा एक संशोधक म्हणजे आर्तुरो कासादेवाल. मूळचे क्यूबाचे, आता अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. त्यांनी आणि लिझ-ॲन पिरोफ्स्की यांनी 1999 साली मांडलं, की रोग म्हणजे शेवटी शरीराचं झालेलं नुकसान, आणि ते एकट्या जंतूमुळे होत नाही. शरीराचा प्रतिकार फार दुबळा पडला तरी नुकसान, फार चेकाळला तरी नुकसान.

त्यांच्या अभ्यासातली मुख्य बुरशी क्रिप्टोकॉकस. ती कबुतरांच्या विष्ठेत सापडते. (दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 साली एवढं रण माजलं, त्यात हिचं नाव किती जणांनी घेतलं?) न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या मुलांचं रक्त तपासलं, तर दोन वर्षांवरच्या बहुतेकांत या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. म्हणजे ती श्वासातून आत गेली होती आणि मुलं ठणठणीत होती. तीच बुरशी एड्सच्या रुग्णाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणून जीव घेते. गंमत पुढे आहे. एचआयव्हीची औषधं सुरू होऊन प्रतिकारशक्ती परतू लागते, तेव्हा काही रुग्णांची तब्येत उलट ढासळते, कारण जागा झालेला प्रतिकार मेंदूत उरलेल्या बुरशीवर तुटून पडतो. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचंही तसंच. पांढऱ्या पेशी संपलेल्या कर्करुग्णाच्या फुप्फुसात ती घुसते; काही दमेकऱ्यांत फारशी आत न शिरताही नुसत्या ॲलर्जीने फुप्फुस खराब करते.

हे कळलं की 2021 चा म्युकर वेगळा दिसतो. त्या मे महिन्यात गावोगाव 'काळी बुरशी आली' अशी हाकाटी होती. फ्रीजमधल्या कांद्यावरच्या काळ्या डागांनी म्युकर होतो असे मेसेज फिरले आणि बिचाऱ्या कांद्याची बदनामी झाली. ते डाग दुसऱ्याच बुरशीचे. म्युकर घडवणाऱ्या बुरशा मातीत, कुजलेल्या पाल्यात, शेणखतात आधीपासून आहेत. आम्ही खताचा ढीग उकरताना त्या रोज हुंगतो. बदललं होतं ते शरीर. साखर हाताबाहेर गेलेली, त्यात कोविड, त्यावर स्टेरॉइड, कित्येकदा गरजेपेक्षा जास्त दिवस. साखर चढली की बुरशी गिळणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. रक्तात आम्लता वाढली की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटतं, आणि या बुरशीला नेमकं तेच हवं असतं. देशात सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातेत होते. बुरशीच्या रंगांवर रकाने भरले. साखरेवर किती लिहिलं गेलं?

कासादेवाल यांचं दुसरं काम शरीराच्या उष्णतेवर. त्यांनी आणि नेदरलँड्सच्या व्हिन्सेंट रॉबर्ट यांनी 2009 साली सुमारे 4,800 बुरशांचे वाण तपासले. 30 ते 40 अंश सेल्सिअसमध्ये प्रत्येक अंश चढताना आणखी 6 टक्के वाण वाढू शकत नाहीत. बहुतेक बुरशा आपल्या अंगाच्या 37 अंशांतच गारद होतात. अमेरिकेत वटवाघळं हिवाळी झोपेत थंड पडतात, तेव्हाच त्यांना पांढऱ्या नाकाची बुरशी गाठते.

आता आपल्या बातमीतली ऑरिस. हिचं वर्णन प्रथम झालं 2009 साली, जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून. नंतर वेगवेगळ्या खंडांत तिचे वेगवेगळे वंश जवळपास एकाच सुमारास दिसले. वाढत्या तापमानाने ही बुरशी उष्णतेला सरावली असावी, असा तर्क कासादेवाल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मांडला. तर्कच आहे, सिद्ध झालेला नाही. पण दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी यांच्या गटाला 2021 मध्ये ही बुरशी अंदमानच्या किनाऱ्यावर, वाळूत आणि खाऱ्या दलदलीत मिळाली, म्हणजे रुग्णालयाबाहेरही तिचं घर आहे.

आणखी एक गोष्ट आम्हा बागायतदारांना टोचणारी. भुरीवर आम्ही मारतो ते हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल आणि दवाखान्यात ॲस्परजिलसवर देतात ते व्होरिकोनॅझोल एकाच कुळातली, बुरशीची तीच नस दाबणारी. या औषधांना न जुमानणारी ॲस्परजिलस भारतातल्या मातीतही सापडली आहे. दुकानदार डबा देताना हे सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारत नाही.

तेव्हा विनंती दोन. पुढच्या वेळी अशी बातमी देताना बुरशीच्या नावाबरोबर रुग्णांना आधीपासून काय होतं, मधुमेह, स्टेरॉइड, अतिदक्षता विभागातला मुक्काम, हेही छापा. आणि शेतीच्या पुरवणीत फवारणीचं वेळापत्रक देता, त्यात कोणतं बुरशीनाशक दवाखान्यातल्या औषधाच्या कुळातलं आहे तेवढी एक खूण करा. छाटणीआधी आलं तर बरं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)