दोन संपर्कपट्ट्यांचे ऋण

सर्व्हरमधून निघालेले एक रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र हाताळणारे कार्ड, माझ्या घरच्या जुन्या संगणकात आता व्यवस्थित चालते आहे, आणि त्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांची नावेच मला ठाऊक नसल्यामुळे हे आभार जाहीरपणे मानत आहे.

कार्ड स्लॉटमध्ये बसवले की स्क्रीन काळीच राहत असे आणि काढले की संगणक नेहमीप्रमाणे सुरू होई. कार्ड निकामी आहे, असेच कोणालाही वाटले असते. परंतु खरी अडचण एसएमबस या संथ वाहिनीत आहे, हे कोणीतरी पूर्वीच शोधून ठेवले होते. सुरू होताना मदरबोर्ड रॅमची माहिती याच वाहिनीवरून वाचतो आणि काही सर्व्हर कार्डांमुळे ते वाचन बिघडते. पीसीआय एक्स्प्रेस प्रकारच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या अशा कार्डाच्या कडेवरील, चिपकडील बाजूच्या बी-५ आणि बी-६ या संपर्कपट्ट्या टेपने झाकल्या की ही आडकाठी दूर होते, आणि डेटा त्या पट्ट्यांवरून जातच नसल्यामुळे वेगही कमी होत नाही. इतके नेमके निदान करून ते सर्वांसाठी खुले ठेवणाऱ्या त्या जाणकारांचा मी अत्यंत ऋणी आहे.

या पट्ट्यांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, जेमतेम एक मिलिमीटरचे अंतर असते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील दादांनी भिंगाखाली पिवळ्या उष्णतारोधक टेपचा बारीक तुकडा कापून शेजारच्या पट्टीला धक्का न लावता चिकटवून दिला आणि पैसे घेण्यास नकार दिला. अशी कार्डे सर्व्हरमधील जोरदार हवेच्या भरवशावर बनवलेली असतात, तेव्हा हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, छोटा पंखा बसवा, असे आवर्जून सांगणाऱ्या गृहस्थांचेही मनःपूर्वक आभार. पंखा बसवला आहे.