ती चिठ्ठी फाडू नका

इंदूर, २० नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तुमच्या एमपीत बरं आहे बाई, सरकार फरक खात्यात टाकतं. आम्हीच येडे, सोयाबीन चौतीसशे क्विंटलनं व्यापाऱ्याला घालून मोकळे झालो." आणि लगेच फोन आईकडे. मला बोलूच दिलं नाही, म्हणून हे पत्र. हे आईकडे सरकवता येणार नाही, कारण तिचा चष्मा तुटलाय हे मला ठाऊक आहे.

भाऊजी सांवेरहून सोयाबीनची ट्रॉली घेऊन लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत आले, तेव्हा मी डबा द्यायला गेले होते. म्हटलं, एकदा बघू तरी. नीलाम सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीवर जातो. एकाने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, दोन दाणे दाताखाली फोडले, "नमी है", ओल आहे, म्हणाला, आणि बोली क्विंटलला ३६५० वर थांबली. चार महिन्यांचं पीक, आणि सौद्याला मिनिटसुद्धा लागलं नसेल. इकडेही यंदा पिवळा मोझॅक रोग होता, दाणा बारीक राहिला. भाऊजी काही बोलले नाहीत. डब्यातली पोळी मात्र तशीच परत आली.

आता ते भावांतर, म्हणजे तुम्ही म्हणता ती फरक देणारी योजना. सरकार माल घेत नाही. तो व्यापाऱ्यालाच विकायचा. राज्यातल्या मंड्यांच्या भावांची सरासरी काढून 'मॉडेल रेट' ठरवतात. ७ नोव्हेंबरला पहिला निघाला, ४०२० रुपये. हमीभाव ५३२८. दोन्हींतला फरक १३०८, सरासरीच्या खाली विकणाऱ्याला तेवढाच. भाऊजींचे ३६५० आणि हे १३०८ मिळून झाले ४९५८. उरलेले ३७० गेले सरासरीच्या पोटात. ज्याचा दाणा टपोरा, जो ४३०० ने विकला, त्याला फरक कमी मिळतो, पण एकूण पुरते ५३२८ पडतात. रोगानं, पावसानं ज्याचं पीक मारलं, तोच मागे राहतो. शिवाय फरक सरकार देणार हे घोळक्यालाही माहीत आहे, मग बोली कोण वाढवणार? २०१७ मध्ये ही योजना पहिल्यांदा आली तेव्हाही हीच ओरड होती.

ते वर्ष मी विसरत नाही. माझं लग्न होऊन महिनाच झाला होता. तिकडे पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप पेटलेला, इकडे रस्त्यावर दूध ओतत होते, आणि ६ जूनला मंदसौर जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. भावांतर आलं ते त्यानंतर, ऑक्टोबरात.

तरी तुमच्या ३४०० पेक्षा ४९५८ कधीही बरे, ते मी नाकारत नाही. पण बाबा, तुम्ही येडे कसे? आपल्याकडे हमीभावानं सरकारी खरेदी होते, पण तिला १२ टक्क्यांच्या आतला ओलावा लागतो. सप्टेंबरात आपल्या शिवारात पाणी उभं होतं, शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. तो माल कुठे वाळवणार होतात, आईच्या स्वयंपाकघरात? त्यात हार्वेस्टरवाल्याचे पैसे, हरभऱ्याचं बियाणं, तोंडावर दिवाळी. दारात रोख घेऊन आलेल्या माणसाला दिलंत. दुसरं काय करणार होतात?

आणि हमीभावाचाही हिशेब बघा. सरकारी कागदावर एका क्विंटलचा खर्च ३५५२, त्याची दीडपट ५३२८. यात घरच्यांची मजुरी धरलेली आहे, पण आपल्याच जमिनीचा खंड आणि अवजारांसारख्या आपल्याच भांडवलाचं व्याज नाही. स्वामिनाथन यांच्या आयोगाच्या नावानं शेतकरी मागतात तो हमीभाव ते सगळं धरून दीडपट. तुमच्या एलआयसीच्या डायरीत तर डवरणीच्या दिवशी बायांना पाजलेल्या चहाची साखरही लिहिलेली असते. सरकारनं ती डायरी मागवावी असं माझं मत आहे.

अजून एक. यंदा ३० मे रोजी, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त आलं की सोयाबीनला कोण विचारतो? शहरातल्या गृहिणीसाठी केलं म्हणतात. ती गृहिणी म्हणजे मीच ना! आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याची प्लेट एका रुपयानंही उतरली नाही.

गंमत म्हणजे आपण इतकी वर्षं पेरतो ते सोयाबीनचं जेएस ३३५ वाण इकडचंच, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं. बी इकडून तिकडे गेलं, मी तिकडून इकडे आले, आणि भावाची रड दोन्हीकडे एकच.

आता कामाचं. घरात बारा कट्टे उरलेत असं आई म्हणाली. ते विकू नका. ऊन चांगलं पडतंय, माळवदावर पातळ पसरा, रोज दोनदा हलवा. खरेदीच्या नोंदणीला सातबारा, आधार आणि पासबुक लागेल. दादूच्या मोबाईलवरून तिन्हींचे फोटो मला पाठवा, बाकी मी बघते. हरभऱ्याच्या बियाण्यासाठी सहा हजार टाकलेत. मागच्या वेळेसारखे परत पाठवलेत तर मी दिवाळीचा राहिलेला फराळ घेऊन स्वतःच येईन आणि महिनाभर हलणार नाही.

त्या व्यापाऱ्यानं वजनाची चिठ्ठी दिली होती ना? पेनानं लिहिलेली का असेना, फाडू नका. डायरीत ठेवा.

आई, चष्म्याचा नंबर कळव.

तुमची
माई