रात्री दोन मिनिटं

नागपूर,
17 ऑगस्ट 2025

सई बेटा,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, महालक्ष्म्यांना सुट्टी मिळत नाहीये." आईने लगेच "बरं बरं" केलं, मीही गप्प बसलो. गेल्या वर्षी हेच झालं होतं. कारण सुट्टीचं नाही, हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. फोनवर माझी जीभ जड होते, म्हणून लिहून राहिलो.

आधी माझी चूक. पुरानंतर तू रात्री दचकून उठायचीस तेव्हा मी म्हणायचो, "वाचलो ना आपण? मग विसर आता." मला वाटायचं, धीर देतोय. खरं तर तुझं ऐकून माझंच जुनं वर यायचं, आणि ते मला नको होतं.

ते जुनं तुला कधी सांगितलं नाही. 2009 चा डिसेंबर, पहाटेची वेळ, मी इंजिन चालवतोय, गाडी शंभराच्या वेगात. रुळांत एक पोरगा उभा. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, पण एवढ्या वेगातली गाडी जागच्या जागी थांबते का? त्याने शेवटच्या क्षणी मान वर केली. आमच्यात याला एमआरओ म्हणतात, मॅन रन ओव्हर. तीन अक्षरांत आटोपतं. पुढच्या स्टेशनला मेमो दिला आणि गाडी पुढे काढली. घरी येऊन वरण-भात जेवलो. तुझ्या आईलाही मी ते दहा वर्षांनी सांगितलं. तोपर्यंत त्या किलोमीटरच्या खांबापाशी आलो की माझी नजर आपोआप स्पीडोमीटरवर जायची, बाहेर बघवायचं नाही. संध्याकाळचे दोन पेग त्याच्यापायीच सुरू झाले. झोप यायची, पण तीनला डोळा उघडायचाच.

तुझी रात्र माझ्या रात्रीहून लांब होती. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, घरात पुरणाचा आणि आंबिलीचा वास. मी इटारसीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आम्हा गाडीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, घोरत पडलेलो. इकडे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी थेट आपल्या बैठकीत. आई वर अडकली, खालच्या दाराला फ्रिज आडवा येऊन बसला. तू आजीला धरून दिवाणावर उभी, कमरेपर्यंत काळं पाणी. 23 सप्टेंबर 2023. सकाळी एसडीआरएफची, आपत्तीवाल्यांची, बोट आली तेव्हा तू बोलत नव्हतीस, फक्त आकडे पुटपुटत होतीस, असं आई सांगते.

ते आकडे कसले होते, हे आजीने जायच्या आधी मला सांगितलं. मोबाइलच्या उजेडात महालक्ष्म्यांवर टांगलेला करंज्यांचा फुलोरा दिसत होता. करंज्या पाण्याच्या हातभर वर, कोरड्या ठणठणीत. आजी म्हणाली, "मोज." तू मोजल्यास, सोळा. आजी म्हणाली, "चुकली तू, परत मोज." अशी तिने तुला पहाटेपर्यंत मोजायला लावली.

मार्चमध्ये मी धंतोलीत एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागलो. (हो, तुझा बाप. आपल्याकडे मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना थेट पागलखाना चौक आठवतो. मीही पहिल्या दिवशी स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावली होती.) त्यांनी मला शिकवलं की छाती धडधडायला लागली की दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायच्या, मग हाताला लागणाऱ्या चार, मग तीन आवाज, दोन वास, एक चव. मी म्हटलं, मॅडम, हे तर माझ्या आईला चौथी शिकून येत होतं.

अजून एक गोष्ट त्यांनी समजावली, ती मी माझ्या भाषेत सांगतो. रेल्वेचा सिग्नल बिघडला की तो हिरवा होत नाही, लाल होतो. मुद्दाम तसाच बनवलेला असतो, शंका आली की लाल. तुझ्या अंगाचंही तसंच आहे. पुण्यात पत्र्यावर सर आली, ओल्या प्लायवूडचा वास आला, कूलरमध्ये पाणी सुटलं, की आतला दिवा लाल. धोका तेव्हा होता, आत्ता नाही, हे त्या दिव्याला कळत नाही. तुला वाटतं तू कमजोर आहेस. अगं, यंत्रणा तुला जपायला बघते, फक्त अडकली आहे. आणि हो, तारीख पाळत नाही ती, तिथी पाळते. सप्टेंबर यायचा आहे आणि तुझी झोप आत्ताच उडाली आहे, कारण यंदा महालक्ष्म्या 31 ऑगस्टला येतात.

ऑटोमॅटिक सेक्शनमध्ये, म्हणजे जिथे सिग्नल पुढच्या गाडीप्रमाणे आपोआप बदलतात तिथे, लाल सिग्नल लागला तर आम्हाला नियम होता: दिवसा एक मिनिट थांब, रात्री दोन मिनिटं, मग नजर पुढे ठेवून अगदी हळू निघ. तिथेच बसून राहिलं तर मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. सुसाट गेलं तर पुढच्या गाडीवर आदळायची भीती. मी पंधरा वर्षं सुसाट गेलो. तू दोन वर्षं थांबून आहेस: तळमजल्यावरची खोली नको, पावसात बाहेर नको, कागदपत्रांची पिशवी उशाशी, आता घरही नको. टाळलं की त्या दिवशी हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती वीतभर वाढलेली असते. हा माझा अनुभव आहे, डॉक्टरीणबाईंनी फक्त दुजोरा दिला.

म्हणून एक मागणं. तिथे कोणाला तरी दाखव. आघातावर काम करणारा समुपदेशक शोध, पहिल्याशी नाही जमलं तर दुसरा. ते गोष्ट एकदम उकरायला लावत नाहीत, तुझ्या चालीने घेतात. गोळी दिली तर चार-सहा आठवडे धीर धर, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नको. मैत्रिणीची झोपेची गोळी मात्र अजिबात नको, माझ्या दोन पेगांसारखंच आहे ते. आणि रात्री तीनला कोणीच नसलं तर 14416, टेलि-मानसचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. मलाही लाव. मी तसाही जागाच असतो, पण आता चहा करून.

घरी यायचं बंधन नाही. हवं तर या वर्षी फक्त व्हिडिओ कॉल कर, तोही आई आंबील ढवळत असताना नको, आरतीच्या वेळी. नाहीतर दिवाळीत ये आणि वरच्या खोलीत झोप. खालचा दिवाण आम्ही काढून टाकला आहे.

आई विचारून राहिली, फुलोऱ्याला करंज्या किती करायच्या. मी म्हटलं, सईला विचार. कळव.

तुझा,
बाबा