आपली पत्रं आपणच वाचावीत म्हणून: वाचनालयाचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, ते माळ्यावर गेले. खोलीला रंग लागला, वीजजोडणी झाली. तिथे अंध आणि अल्पदृष्टी सभासदांसाठी संगणक कक्ष सुरू करायचं कार्यकारी मंडळाने ठरवलं आहे. आता यंत्रं, माणसं आणि पैसे हवेत.

वार्षिक सभेत हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो म्हणे. मग देणगी कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर, बटणं, याद्या बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. माउस बाजूला, सगळा कारभार कीबोर्डवर. जॉज हा त्यातला जुना आणि मातब्बर, पण विकतचा. किंमत साध्या पगारदाराला झेपणारी नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, पुढे त्याचा अंध मित्र जेमी टेह सोबत आला. तो आजही मोफत आहे. पेनड्राइव्हवर घालून कुठल्याही विंडोज संगणकावर चालवता येतो आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा बोलका आवाज मराठीही वाचतो. आवाज यंत्राचा आहे, ऐकणाऱ्याला पहिल्या दिवशी वैताग येतो. पण मुरलेली मंडळी हाच आवाज इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला त्यातलं अक्षर कळत नाही.

तर सॉफ्टवेअर फुकट आहे हे खरंच. पण स्क्रीन रीडर हा नुसता वाचणारा. तो वाचणार काय, हे समोरच्या मेलच्या आणि ब्राउझरच्या सॉफ्टवेअरवर ठरतं. ते नीट बांधलेलं नसेल तर एनव्हीडीए इमानेइतबारे "बटण, बटण, बटण" एवढंच म्हणत राहतो. बटण कशाचं, ते देव जाणे.

आमच्या एक सभासद निवृत्त शिक्षिका आहेत. मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही होता, हळूहळू दिसेनासं झालं. त्यांना पेन्शनचं, बँकेचं, परदेशातल्या मुलाचं असं सगळं ईमेलवर येतं. वाचून कोण दाखवतं? शेजारचा मुलगा. मुलगा गुणी आहे, तक्रार नाही. पण बाई म्हणाल्या, "माझ्या खात्यात किती पैसे आहेत ते मला कळायच्या आधी त्याला कळतं." कक्ष कशासाठी, याचं याहून नेमकं उत्तर आमच्या मंडळात कुणालाच सुचलेलं नाही.

बाईंच्या संगणकावर जीमेल ब्राउझरमध्ये उघडून दिलेलं होतं. डोळसाला यात अडचण दिसणार नाही. पण मेल लिहायचं म्हणून जीमेलचा शॉर्टकट असलेला 'सी' दाबला, तर एनव्हीडीए वाचन-अवस्थेत (म्हणजे कळा टाइप करायला नाही, पानात फिरायला वापरायच्या) असताना तो आधी स्वतःच अक्षर पकडतो. त्याच्या भाषेत 'सी' म्हणजे पुढचा कॉम्बो बॉक्स (पर्यायांची उघडणारी यादी) आणि 'आर' म्हणजे पुढचं रेडिओ बटण (अनेकांतून एकच निवडायचं बटण). जीमेलला मात्र 'आर' म्हणजे उत्तर लिहा. शिवाय जीमेलचे हे शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन आधी चालू करावे लागतात. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून लिहायच्या अवस्थेत गेलं की सगळं सुरळीत चालतं, पण हे कुणी सांगितलंच नाही तर माणूस "मला जमत नाही" म्हणून उठून जातो. जीमेलचं जुनं, साधं एचटीएमएल रूप होतं तोवर अनेक अंध वापरकर्ते त्यावर खूश होते. २०२४ मध्ये ते बंद झालं.

बाईंना आम्ही थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं, मोफत, आणि मेल आपल्या संगणकावर उतरवून घेतं. एफ६ दाबत गेलं की फोल्डर, पत्रांची यादी आणि पत्र असं क्रमाने फिरता येतं. बाण खाली-वर केला की एकेक पत्र बोललं जातं. यातही एक मेख आहे. यादीतले जेवढे रकाने चालू, तेवढे सगळे प्रत्येक ओळीला वाचले जातात. प्रेषक आणि विषय पुढे घेऊन बाकीचे रकाने बंद केले, तेव्हा बाईंच्या तोंडावरचा त्रास गेला. पाच मिनिटांचं काम, पण शेजारी बसून ते करणारं माणूस लागतं.

थंडरबर्डच सगळ्यांना लावा, असं मात्र आमचं म्हणणं नाही. कचेरीत वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आउटलुकवर मेलचं काम केलेल्या माणसाच्या बोटांत आउटलुक बसलेलं असतं. त्याला नवं आउटलुक दिलं तर तो गोंधळतो, कारण ते आतून वेबपानासारखं बांधलेलं आहे. असा माणूस जुन्यावरच राहिलेला बरा, निदान ते मिळतंय तोवर. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाला फोनवर टॉकबॅकची, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरची, सवय असते. त्याला संगणकावरही जीमेलच हवं असतं, आणि दोन अवस्थांतला फरक तो एका संध्याकाळी शिकतो.

ब्राउझरचं गणित त्यामानाने सोपं. फायरफॉक्स, क्रोम, एज, तिन्ही एनव्हीडीएशी जमवून घेतात. फायरफॉक्सने २०२३ मध्ये स्क्रीन रीडरला माहिती पुरवणारा आतला भाग नव्याने बांधला आणि लांबलचक पानांवरचं अडखळणं बरंच कमी झालं. तरी एखादं सरकारी पोर्टल एकात चालतं आणि दुसऱ्यात अडतं, म्हणून दोन ब्राउझर हाताशी असलेले बरे. ब्राउझरपेक्षा पानात फिरायची रीत जास्त महत्त्वाची. 'एच' दाबला की पुढचं शीर्षक, 'ई' दाबला की लिहायची चौकट, इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबले की पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी. ज्याला हे कुणी शिकवलेलं नाही तो बातमीपर्यंत पोचायला अख्खं पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसतो.

म्हणून या खोलीत आम्हाला चाचणीचं टेबल मांडायचं आहे. मेलची दोन-तीन सॉफ्टवेअर आणि तिन्ही ब्राउझर तयार असतील. येणाऱ्याने स्वतःची दोन पत्रं वाचून, एखादं लिहून, एक फॉर्म भरून बघायचा आणि काय वापरायचं ते स्वतः ठरवायचं. मग तेच त्याच्या घरच्या संगणकावर आम्ही बसवून देऊ.

आता मागणीकडे वळतो.

शिकवायला आम्हाला अंध प्रशिक्षकच हवा आहे, आणि तो फुकट नको. आठवड्यातून तीन संध्याकाळी, महिना ८ हजार रुपये मानधन, म्हणजे वर्षाचे ९६ हजार. सगळ्यात मोठा खर्च हाच आहे आणि यात काटछाट करायची नाही, असं मंडळाचं एकमत आहे. "समाजकार्य आहे, येतील की हौसेने" असं सुचवणारे भेटले. त्यांना आम्ही नम्रपणे विचारलं की डोळस संगणक शिक्षकाला आपण असं म्हणतो का. बाकी हेडफोन, कीबोर्ड, इन्व्हर्टर, इंटरनेट मिळून ५० हजारांच्या घरात जाईल. ज्यांना जमेल त्यांनी एका महिन्याचं मानधन उचलावं. ज्यांना नाही त्यांनी एका हेडफोनचे पैसे द्यावेत, तेही तितक्याच आनंदाने घेऊ.

लॅपटॉप देणार असाल तर मेहरबानी करून विंडोज ७ चा देऊ नका. एनव्हीडीएच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. ८ जीबी रॅम असावी, हेडफोनचं भोक शाबूत असावं. बॅटरी गेलेली असली तरी चालेल. पडद्यावर चरा असला तर आणखीच चालेल, तिकडे बघतंय कोण! वेगळा कीबोर्ड देणार असाल तर नंबर पॅड आणि इन्सर्टची कळ असलेला मोठाच द्या.

डोळस स्वयंसेवकही हवेत, कॉलेजची मुलं असोत वा निवृत्त मंडळी. अट एकच: माउसला आणि दुसऱ्याच्या हाताखालच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. "थांबा, मी करून देतो" हे वाक्य खोलीबाहेर ठेवून यायचं. पहिले दोन दिवस तुम्हालाही पडदा बंद करून मेल पाठवायला लावू. आवाजाचा वेग झेपत नसेल तर बोललेला मजकूर पडद्यावर दाखवणारी खिडकी एनव्हीडीएत आहे, ती सुरुवातीला उघडून देऊ.

आणि एक मागणी पैशाशिवायची, गावातल्या मंडळांना, पतसंस्थांना, शाळांना. तुमच्या सूचना आणि अहवाल फोटो काढून किंवा स्कॅन करून मेलवर धाडू नका. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला थेट वाचता येत नाहीत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टात टाइप केलेला मजकूर तर वाचला जातो, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला कानावर पडतो. सर्वसाधारण सभेची नोटीस युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी लिहितो त्याच अक्षरपद्धतीत) टाइप करून मेलमध्येच चिकटवली की काम झालं.

कुणी म्हणेल, हे सरकारने करायला हवं. हवंच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटलं. पण निकालाने बँकेचं पान सुधारेल तेव्हा सुधारेल. पेन्शनचं पत्र दर महिन्याला येतं.

देणगी वाचनालयाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ८ या वेळात रोख, धनादेशाने किंवा काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून देता येईल. क्यूआरने दिलीत तर 'संगणक कक्ष' असा शेरा लिहा, नाहीतर रक्कम वर्गणीत जमा होते आणि हिशेबनिसांची चिडचिड होते. पावती मिळेल, मात्र आपल्याकडे ८०-जी नाही, तेव्हा करसवलत मिळणार नाही. जमाखर्च दर तिमाहीला सूचनाफलकावर लागेल आणि मागेल त्याला ईमेलने, युनिकोडमध्ये, पाठवला जाईल.

तुमच्या घरात, आळीत, वाडीवर कुणी अंध किंवा अल्पदृष्टी असेल तर त्यांचं नाव ग्रंथपालांकडे नोंदवा. सभासदत्व असायलाच हवं असं नाही. खोली तळमजल्यावर आहे, पायरी एकच, कठडा बसवला आहे. एकट्याने येणं अवघड असेल तर एसटी स्टँडवरून आणायला स्वयंसेवक येईल. आदल्या दिवशी कळवलं की पुरे.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाकरिता)