वर्ग रात्रभर उघडे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या आवारात युद्धाविरुद्ध होणाऱ्या सभा आणि व्याख्यानांविषयीची पत्रे आपल्या अंकात गेले काही दिवस वाचते आहे. ‘विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, युद्धाचे काय ते सरकार बघेल’ हा त्यातल्या बऱ्याच पत्रांचा सूर आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला. अशा सभा अभ्यासाच्या आड येतात, हे मला अजिबात मान्य नाही. चांगली झालेली सभा हा अभ्यासच असतो, आणि त्याला इतिहासात भक्कम दाखला आहे.

1965 च्या मार्चमध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू केली आणि 8 मार्चला दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन सैनिक उतरवले. मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी निषेध म्हणून एक दिवस नेहमीचे तास न घेण्याचे ठरवले. त्यावर गहजब झाला. मिशिगन राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी टीका केली, विद्यापीठाचे प्रशासन नाराज झाले, प्राध्यापकांना धडा शिकवा अशी मागणी होऊ लागली. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सॅहलिन्स यांनी तोडगा सुचवला. शिकवणे थांबवायचे कशाला, उलट जास्त शिकवू. दिवसाचे तास ठरल्याप्रमाणे होऊ देत, आपण रात्री बसू.

24 मार्चच्या रात्री आठला सुरू झालेला तो वर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुटला. सुमारे 3000 जण आले होते. मुलींनी रात्री ठरावीक वेळेला वसतिगृहात परतलेच पाहिजे असा तेव्हा नियम होता; त्या एका रात्रीपुरता तो शिथिल झाला. मध्येच बॉम्बची धमकी आली, इमारत रिकामी करावी लागली. लोक कडाक्याच्या थंडीत बाहेर उभे राहिले आणि पुन्हा आत येऊन बसले. युद्धाचे समर्थन करणारे विद्यार्थीही फलक घेऊन आले होते. या प्रकाराला ‘टीच-इन’ हे नाव पडले आणि काही आठवड्यांत ते देशभरातल्या विद्यापीठांत पोहोचले.

संप सोडून रात्रीचा वर्ग घेणे ही माघार होती, असे तेव्हाही काहींना वाटले. मला तसे वाटत नाही. संप झाला असता तर सगळी चर्चा शिस्तीवर, पगारावर आणि बुडालेल्या तासांवर झाली असती. तास बुडाले नाहीत, त्यामुळे बोलायला विषय एकच उरला : व्हिएतनाम. सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. परराष्ट्र खात्याने आपली बाजू मांडायला अधिकाऱ्यांचे पथक विद्यापीठांत धाडले. 15 मेच्या वॉशिंग्टनमधल्या चर्चेला राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी येण्याचे कबूल केले होते. ऐनवेळी ते आले नाहीत, पण जूनमध्ये त्यांना टीव्हीवर युद्धाचे टीकाकार, राज्यशास्त्रज्ञ हान्स मॉर्गेन्थाऊ यांच्यासमोर वादाला बसावे लागले. घोषणांनी एवढे झाले असते का, याची मला शंका आहे.

‘मुलांना सैन्यात जायचे नव्हते म्हणून हा गदारोळ’ हा आक्षेप जुना आहे. पण 1965 मध्ये त्या सभागृहात बसलेल्या बहुतेक मुलांना विद्यार्थी म्हणून सक्तीच्या भरतीतून सवलत होती. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नव्हता, ती मुले आधी जात होती. पुढच्या वर्षी तर सवलतीसाठी वर्गातला क्रमांक आणि एक खास परीक्षा विचारात घेतली जाऊ लागली. ज्या शिक्षकाने आयुष्यात कधी पेपर तपासले आहेत, त्याने क्षणभर हे डोळ्यांसमोर आणावे. हातात लाल पेन, आणि दोन गुण कमी पडले तर समोरचा मुलगा कदाचित रणांगणावर. युद्ध आवारात शिरले ते असे. विद्यार्थ्यांनी ते बाहेरून ओढून आणले नव्हते. मे 1966 मध्ये त्या परीक्षेच्या केंद्रांबाहेर एका युद्धविरोधी विद्यार्थी संघटनेने स्वतःची पर्यायी प्रश्नपत्रिका वाटली. त्यात सगळे प्रश्न व्हिएतनामवर होते. आंदोलनाची इतकी सुंदर कल्पना मला दुसरी ठाऊक नाही.

विद्यार्थ्यांचेही चुकते. विरोधी वक्त्याला बोलू न देणे, आरडाओरडा करून सभा उधळणे मला कधीच पटले नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी ते तोंडावर सांगितले आहे. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. 4 मे 1970 रोजी अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनाच्या वेळी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी 13 सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. मेलेल्यांपैकी दोघे निदर्शनात नव्हतेच.

आता थोडे स्वतःचे. 2003 मध्ये इराकवरचा हल्ला तोंडावर आला असताना माझ्या विद्यार्थ्यांनी एक व्याख्यान ठरवले. सभागृहासाठीचा अर्ज तीन टेबलांवर फिरला आणि ‘विषय संवेदनशील’ असा शेरा घेऊन परत आला. मुले ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसली. एकीने खडूने फरशीवर इराकचा नकाशा काढला, त्यात बसरा चुकीच्या जागी पडले, मग तो पुसून पुन्हा काढला. ज्याचा भाऊ सैन्यात होता अशा एका मुलाने मला विचारले, “मॅडम, म्हणजे तुम्ही सैनिकांच्या विरुद्ध आहात का?” मी उत्तर दिले, पण ते त्याला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही अपुरे वाटले. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा इराकवरच्या 1990 पासूनच्या निर्बंधांवर टिपणे काढून आला आणि अर्धा तास बोलला. त्याचे मत बदलले की नाही, हे मी विचारले नाही. एरवी परीक्षेत चार ओळींच्या पुढे न जाणारा मुलगा होता तो.

त्या दिवशी सभागृह रिकामे होते. त्याला कुलूप होते, आणि त्याच्या बाहेर, उन्हात, माझ्या नोकरीतला सर्वात चांगला तास चालू होता. म्हणून विद्यापीठांच्या प्रशासनाला माझे एवढेच मागणे आहे : रात्री नऊनंतरही एखादे सभागृह उघडे ठेवा, परवानगीच्या अर्जाला दोन दिवसांत लेखी उत्तर द्या, आणि नकार द्यायचा असेल तर ‘संवेदनशील’ या एका शब्दामागे दडू नका, कारण लिहा. विद्यार्थ्यांना मागणे असे की, ज्यांचे मत तुम्हाला पटत नाही अशा एका जाणकाराला प्रत्येक कार्यक्रमात बोलवा आणि त्याला पूर्ण वेळ द्या.

आणि संपादक महोदय, एक मागणे आपल्याकडेही आहे. अशा कार्यक्रमाच्या बातमीत फलकांचे छायाचित्र आणि दोन घोषणा नेहमी येतात. वार्ताहराला व्याख्यान संपेपर्यंत थांबायला सांगा, आणि शेवटी विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्नही छापा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका